त्रेचाळीस बरण्या

माझे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, कुणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरात शिरतात आणि डब्यांची झाकणं घट्ट करतात. साखर, मीठ, चहा, हाताला लागेल ते. घरातली बाई म्हणते, "अहो, बसा ना." हे म्हणतात, "बसतो, बसतो," आणि पुढच्या डब्याला हात घालतात. माझ्या दुकानातली डिंकाची बाटली त्यांनी एकदा अशी आवळली की शेवटी मला ती फोडावी लागली. मी कपडे शिवते, मला डिंक रोज लागत नाही, पण लागतो तेव्हा लागतोच.

नातेवाइकांत त्यांना 'झाकणराव' म्हणतात. तोंडावर नाही, पण त्यांना माहीत आहे. माणूस सरळ, कुणाच्या अध्यात ना मध्यात, फक्त एका जागी टिकत नाही. जेवताना दोनदा उठून नळ बंद आहे का पाहतील. सिनेमाला मध्यंतराआधीच बाहेर जाऊन उभे राहतील. सतत मागे कुणीतरी लागल्यासारखे.

ताईचं लग्न झालं तेव्हा ते असे नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. पहिली दोन वर्षं जेवण झालं की खुर्चीत पेपर घेऊन बसायचे आणि पेपरासकट झोपायचे. मग एका थंडीपासून हे सुरू झालं. कारण काय ते आम्ही घरच्यांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं. त्याच थंडीत मोठ्या डॉक्टरांनी त्या दोघांना सांगितलं होतं की मूल होणार नाही. दोष ताईकडे निघाला होता. असल्या गोष्टी बोलून दाखवायची आमच्या घरात पद्धत नाही, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही आणि एकतीस वर्षं गेली.

त्यांची नोकरी समुद्राचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत, तीही तळघरात. पद मोठं नाही. वरच्या मजल्यावर शिकलेली माणसं बसतात, खाली हे आणि अकरा हजार बरण्या. जहाज खोल समुद्रात जातं, तळाचा चिखल उपसून आणतं, त्या चिखलात जे काही जिवंत किंवा अर्धमेलं सापडेल ते स्पिरिटच्या बरणीत जातं आणि बरणी भावजींकडे येते. स्पिरिट उडून जातं. झाकण जरा सैल राहिलं तर वर्षभरात प्राणी कोरडा ठाक. म्हणून हे दिवसभर रांगेने फिरतात, झाकण तपासतात, पातळी पाहतात, कमी असेल तिथे भर घालतात. शेवटच्या कपाटापर्यंत पोचले की पहिल्या कपाटाची वेळ झालेली असते.

मी पहिल्यांदा ते तळघर पाहिलं तेव्हा मला मळमळलं. वास डोक्यात जातो, आणि प्रत्येक बरणीतून पांढरट काहीतरी आपल्याकडे पाहतंय असं वाटतं. पाहत काही नसतं, कारण बऱ्याच जणांना डोळेच नसतात. भावजी मात्र त्या दिवशी खुलले होते. "हा वर येईपर्यंत फुटला बघ," एका चिंधीसारख्या गोळ्याकडे बोट दाखवत ते म्हणाले. "खाली पाण्याचा एवढा भार असतो की हा तिथेच धड राहतो. आणि हा लाल होता म्हणतात. स्पिरिटमध्ये रंग टिकत नाही."

मग त्यांनी मला मागच्या भिंतीजवळचं कपाट दाखवलं. त्यावर 'अनोळखी' अशी पाटी. दोनशेच्या वर बरण्या, ज्यांतले प्राणी आजवर कुणालाच ओळखता आलेले नाहीत. "आणि हे तर हाताला लागलेले," भावजी म्हणाले. "खाली किती असतील, ज्यांना माणूस कधी दिसलाच नाही. बिनधास्त जगतायत."

"त्यांचं काही अडत नाही तुमच्यावाचून," मी म्हटलं.

"तेच तर," ते म्हणाले आणि लगेच एका झाकणाकडे वळले.

प्रत्येक बरणीत आत एक कागद असतो. बाहेर चिकटवलेला कागद पडतो, सडतो, म्हणून आत, प्राण्याच्या शेजारीच, स्पिरिटमध्ये बुडवलेला. त्यावर तारीख, समुद्रातली नेमकी जागा, आणि किती मीटर खालून आणला ते. हा कागद शिसपेन्सिलीनेच लिहायचा, हा त्या धंद्यातला पहिला नियम. कागद गेला तर प्राणी गेल्यात जमा. कुठून आला ते माहीत नाही तर नुसता गोळा घेऊन कोण काय करणार?

चार वर्षांपूर्वी संस्थेत एक बाई आल्या. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण डोक्यावरचे केस सगळे पांढरे आणि आवाज हेडमास्तरिणीचा. इतर शिकलेली माणसं तळघरात नाक दाबून येत, या बाई डबा घेऊन खालीच जेवायला बसत. त्यांनी अनोळखी कपाटातली एक बरणी उचलली आणि पुढे तीन वर्षं सोडली नाही. आत करंगळीएवढा फिकट प्राणी. डोळे नाहीत, तोंड आहे की नाही यावर तीन देशांत पत्रव्यवहार झाला, आणि दोन्ही बाजूंना झालरीसारखे धागे. शेवटी ठरलं की असा प्राणी जगात कुणी नोंदवलेला नाही. नवा. आणि नवा म्हटल्यावर त्याचं नाव ठेवायचं.

बाईंनी नाव ठेवायचं ठरवलं ते भावजींचं. त्यांच्या आडनावाला लॅटिन शेपूट लावून. "बाकी सगळ्यांनी फक्त कागद खरडले," त्या म्हणाल्या म्हणे, "हा प्राणी एकतीस वर्षं ओला ठेवला तो यांनी." एवढंच नाही, तर संस्थेचं आताचं जहाज त्या जागी जाणार होतं, कागदावर लिहिलेल्या त्या जागी, तेवढ्याच खाली कॅमेरा सोडून जिवंत प्राणी शोधायला. निघायच्या आदल्या दिवशी संस्थेत छोटा समारंभ.

ताईला हे कळलं त्या दिवशी ती जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटली. एरवी ती फार मोजकं बोलते. त्या दिवशी तिने दूधवाल्याला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, वरच्या मजल्यावरच्या बहिऱ्या आजोबांना दोनदा सांगितलं. माझ्या दुकानात येऊन खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "आता पुस्तकात कायम राहील बघ. आमच्या मागे कोण आहे नाव सांगायला? आता हा राहील." करंगळीएवढ्या बिनडोळ्याच्या किड्याबद्दल ती असं बोलत होती की मला हसू फुटणार होतं, पण तिचा चेहरा पाहून ते आलंच नाही.

मी म्हटलं, समारंभाला कोट माझ्याकडून.

भावजींची अस्वस्थता मात्र वाढली. आम्हाला वाटलं, आनंदाने माणूस बावरतो. पण हे बावरणं काही वेगळंच होतं. वजन उतरलं. ताईने शुभेच्छांचं एक पत्र वाचून दाखवायला घेतलं तर हे मध्येच उठून गॅलरीत गेले. समारंभाला दहा दिवस उरले असताना ते कच्चा शिवलेला कोट घालून पाहायला माझ्याकडे आले. दुपारची वेळ, दुकानात कुणी नव्हतं. मी तोंडात टाचण्या धरून त्यांच्या पाठीमागे उभी, आणि हे या पायावरून त्या पायावर.

"हलू नका, भावजी, टोचेल."

"टोचू दे," ते म्हणाले. आणि मग माझ्याकडे पाठ ठेवूनच बोलले, "त्या बरणीतला कागद खोटा आहे. मी मनाने लिहिलाय."

मी टाचण्या हातात काढून घेतल्या.

नोकरीला लागून तेव्हा महिना झाला होता. जहाजावरून त्रेचाळीस बरण्या आल्या. आतले कागद जहाजावरच्या माणसाने लिहिलेले, वाकडेतिकडे, बोटीच्या हेलकाव्यात. भावजींचं अक्षर देखणं, त्या अक्षरामुळेच ही नोकरी मिळाली अशी त्यांची समजूत. साहेबांवर छाप पाडायची म्हणून त्यांनी ते सगळे कागद नवे लिहून काढले, चांगल्या शाईच्या पेनाने, आणि जुने फेकून दिले. नोंदवहीत चढवायचं काम पुढच्या आठवड्यावर ठेवलं. पेन्सिलीचा नियम त्यांना कुणी सांगितला नव्हता, किंवा सांगितला होता आणि त्यांनी ऐकला नव्हता. आठवड्याने पाहतात तर त्रेचाळीस बरण्यांतलं स्पिरिट निळसर आणि त्रेचाळीस कागद कोरे.

"मग जहाजावर वही असेल की," मी म्हटलं.

"ते जहाज त्या फेरीनंतर लगेच भंगारात निघालं. वही कुठे गेली कुणाला पत्ता नाही. एका चिठ्ठीवर एवढंच होतं की जहाज नऊ जागी थांबलं, त्या नऊ जागा आणि तिथे किती खोल. कुठली बरणी कुठल्या जागेची, ते गेलं."

"मग?"

"मग मी वाटून टाकल्या. कुठे चार, कुठे पाच. स्पिरिट बदललं, पेन्सिलीने लिहिलं, तेच नोंदवहीत चढवलं." ते थांबले. "या प्राण्याला डोळे नव्हते. म्हणून मी त्याला सगळ्यात खोल जागा दिली. मला वाटलं, हा तिथलाच असणार."

आणि आता त्या सगळ्यात खोल जागी जहाज निघणार होतं, माणसं आणि कॅमेरे घेऊन.

माझ्या जागी कुणी शहाणी बाई असती तर काय म्हणाली असती कोण जाणे. मी म्हटलं, "भावजी, झाकली मूठ सव्वा लाखाची. समुद्र एवढा मोठा, नाही सापडला तर नाही सापडला, जहाज परत येईल. कोण म्हणणार आहे तुमचा कागद खोटा म्हणून? पण आत्ता बोललात तर नाव जाईल. ताईने दूधवाल्यापर्यंत सांगून ठेवलंय. तिला काय तोंड दाखवणार? तिच्याकडे दुसरं आहे काय?"

शेवटचं वाक्य मी मुद्दाम म्हटलं, नेमकं लागेल तिथे. त्यांनी मान हलवली. कोटाच्या बाह्या तेवढ्या लांब झाल्या आहेत, एवढं म्हणाले आणि कोट तसाच टाचण्यांसकट उतरवून ठेवून गेले.

पुढचे दिवस माझेही धड गेले नाहीत. खाई त्याला खवखवे म्हणतात, इथे खाल्लं त्यांनी आणि खवखवलं मला. एका गणवेशाला मी दोन उजव्या बाह्या लावल्या. रोज संध्याकाळी ताईकडे चक्कर मारायची, भावजींचा चेहरा पाहायचा, अजून बोलले नाहीत ना याची खात्री करून घ्यायची आणि घरी यायचं. ताई म्हणायची, "तुला झालंय तरी काय? यांची लागण झाली का?" भावजी त्या वेळी खिडकीची कडी तपासत असायचे.

समारंभाला तीन दिवस राहिले तेव्हा ते सकाळी दुकानाच्या दारात उभे. "तू चल," म्हणाले. "एकट्याला जमणार नाही."

मी गेले ती त्यांना अडवायला, हे खरंच सांगते. वाटेत दोनदा बाही धरली. "निदान ताईला आधी विचारा," असंही म्हणून पाहिलं. ते म्हणाले, "तिला विचारलं तर मग मी बोलणार नाही." मी बाही सोडली.

बाई त्यांच्या खोलीत भिंतीवरच्या नकाशासमोर उभ्या होत्या. समुद्राचाच नकाशा, जमीन नुसती कडेला, आणि निळ्या कागदावर रंगीत टाचण्या, जिथे जिथे जे सापडलं तिथे. भावजींनी दार लोटलं आणि बाईंनी खुर्ची पुढे केली तरी उभ्यानेच सगळं सांगितलं. शाई, कोरे कागद, नऊ जागा. आवाज चढला नाही की पडला नाही. मी दाराशी उभी राहून पायपुसण्याकडे पाहत होते.

बाईंनी मान वळवून नकाशाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "कुठे चार, कुठे पाच."

"हो."

"मला नेहमी नवल वाटायचं, त्या फेरीत समुद्र इतका शिस्तीत कसा वागला म्हणून. मी त्यावर एक परिच्छेद लिहिलाय." त्या हसल्या नाहीत. "कुठल्या बरण्या, आठवतायत?"

भावजींनी त्रेचाळीस आकडे तोंडपाठ म्हटले. कपाट, फळी, क्रमांक. कुठे अडखळले नाहीत, पाढे म्हणावेत तसे. त्यांनी ते किती वेळा मनात घोकले असतील ते मला तेव्हा कळलं. बाईंनी लिहून घेतले, नकाशाजवळ गेल्या आणि एक एक टाचणी उपटू लागल्या. त्रेचाळीसपैकी अकरा बरण्यांच्या टाचण्या नकाशावर होत्या, त्या निघाल्या. या बरण्यांवर लोकांनी अभ्यास केले होते, कुणी पदव्या मिळवल्या होत्या. अकरा प्राणी कागदोपत्री अशा जागी राहत होते जिथे ते बहुतेक कधी गेलेच नव्हते.

"जहाज थांबवावं लागेल," बाई म्हणाल्या. "नऊ जागा धुंडाळायला मला कुणी जहाज देणार नाही. आणि नाव..."

"नाव नको," भावजी म्हणाले.

"नको नाही, देताच येणार नाही. प्राणी नवा आहे तो आहेच, पण कुठला ते माहीत नाही असं छापावं लागेल, आणि का माहीत नाही तेही. त्याच कागदावर तुमचं नाव कसं लावू?" त्यांचा आवाज आता कापत होता, रागाने असावा. "आत्ता मला तुमच्याशी बोलायचं नाहीये. उद्या सकाळी लवकर या. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस बाहेर काढायच्या आहेत."

परतीच्या वाटेवर मला वाटलं होतं की या माणसाचं ओझं उतरेल, चालही बदलेल. तसलं काही झालं नाही. उलट ते जवळजवळ पळत होते आणि मी मागून धापा टाकत. अजून ताई बाकी होती.

ताई टेबलाशी बसून समारंभाला कुणाला न्यायचं त्याची यादी करत होती. आम्हा दोघांना भरदुपारी एकत्र पाहून तिने लेखणी खाली ठेवली. भावजींनी तिलाही उभ्यानेच सांगितलं. बाईंना सांगितलं त्यापेक्षा थोडक्यात. नाव गेलं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी मध्ये घुसून म्हटलं, "ताई, मला आठवड्यापूर्वी कळलं होतं. मीच यांना गप्प बसा म्हटलं, तुझ्यासाठी." तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

मी वाट पाहत होते ती रडण्याची, नाहीतर जिन्यातल्या लोकांना आता काय सांगू या प्रश्नाची. ताईने विचारलं ते वेगळंच.

"हे कधीचं म्हणालात?"

"नोकरीला लागलो त्या थंडीतलं."

"मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आलो त्याच्या आधीचं की नंतरचं?"

भावजींना कळेना. "आधीचं," ते म्हणाले. "आधीच, महिना-दीड महिना. का?"

"म्हणजे तुम्ही रात्री उठून चालायला लागलात ते याच्यामुळे?"

"मग आणखी कशामुळे?"

ताईने यादीचा कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "मी डोळे मिटून पडून राहायचे," ती म्हणाली. "तुम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचात आणि मी मोजत पडायचे. मला वाटायचं, यांना मूल हवं होतं आणि ते माझ्यामुळे झालं नाही, म्हणून यांना माझ्याशेजारी झोप येत नाही. एकतीस वर्षं वाटत होतं. विचारलं नाही, कारण उत्तर काय येणार ते मला ठाऊक आहे असं वाटायचं."

"तुझ्यामुळे?" भावजी म्हणाले. त्यांना ती गोष्ट कधी शिवलीही नव्हती, हे त्यांच्या तोंडावरून आंधळ्यालाही दिसलं असतं. "अगं, तुझा काय संबंध? माझ्या मनातसुद्धा नाही आलं."

ते खुर्चीकडे हात नेत होते, पण खुर्ची कुठे आहे ते त्यांना सापडत नव्हतं. मी ती त्यांच्या पाठीमागे सरकवली. मला माझी स्वतःची लाज वाटत होती, इतकी की तिथून जावं की थांबावं तेही कळत नव्हतं. ताई आता रडत होती, पण तोंड न झाकता, त्यांच्याकडे बघत.

"मला तेव्हाच सांगितलं असतंत," ती म्हणाली, "तर मी तुमच्यावर नुसती रागावले असते."